पूर्वपेशींची जोपासना : जन्मजात प्रतिकारहीनतेच्या उपचारांचा इतिहास

विषयप्रवेश

रोगप्रतिकारशक्तीचा इतिहास सांगावयाचा झाल्यास तो लशीपासून सांगण्याचा प्रघात आहे. इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने इ. स. १७९६ मध्ये देवीवरील लशीचा प्रयोग केला. त्यानंतर शंभर वर्षांनी मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. हा इतिहास महाराष्ट्रातील वाचकांस परिचित आहे. मात्र या सर्व इतिहासात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, ज्या शरीरास लस टोचावयाची त्या शरीरात तिला उत्तर देण्याचे सामर्थ्य मुळात आहे. हे सामर्थ्यच घेऊन जी बालके जन्मास येत नाहीत, त्यांच्या बाबतीत लशीचा उपाय निरुपयोगी ठरतो. इतकेच नव्हे, तर जिवंत जंतूंची लस त्यांना घातकही ठरू शकते.

प्रस्तुत लेखाचा विषय या बालकांवरील उपचारांचा इतिहास हा आहे. या इतिहासाचे सर्वांत अलीकडचे प्रकरण म्हणजे प्रतिकारपेशींच्या पूर्वपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या रुग्णास देण्याचा प्रयत्न होय. हे प्रकरण अद्याप पूर्ण झालेले नाही. तथापि ते कोणत्या अडचणीतून उद्भवले हे पाहू गेल्यास असे दिसून येते की, गेल्या साठ वर्षांत संशोधकांपुढील प्रश्न हळूहळू बदलत गेला. प्रारंभी ‘काय द्यावे’ हा प्रश्न होता. पुढे तो ‘किती लवकर देता येईल’ असा झाला. धाराशिवसारख्या जिल्ह्यात राहून या विषयाचा अभ्यास करणाऱ्यास या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व विशेष जाणवल्यावाचून राहणार नाही.

१. रोगाची ओळख

जन्मजात प्रतिकारहीनता हा रोग नवा नाही, त्याची ओळख मात्र नवी आहे. पूर्वी न्यूमोनिया, अतिसार, गोवर यांनी इतकी अर्भके दगावत की, त्यांतील एखादे अर्भक मुळातच प्रतिकारशक्तीवाचून जन्मले होते हे कळण्यास मार्ग नव्हता. प्रतिजैविक औषधे प्रचारात आल्यावर बहुतेक मुले संसर्गातून वाचू लागली, आणि तेव्हाच पुन्हःपुन्हा आजारी पडणारी थोडी मुले वेगळी दिसू लागली. एका शोधाच्या प्रकाशात दुसरा रोग दिसावा, असा हा प्रकार होता.

इ. स. १९५० मध्ये स्वित्झर्लंडातील ग्लान्झमान व रिनिकर या वैद्यांनी अशा अर्भकांचे वर्णन प्रसिद्ध केले. या अर्भकांच्या रक्तात लसिकापेशी अत्यंत कमी आढळल्या. आज ज्यास तीव्र संयुक्त प्रतिकारहीनता म्हणतात, त्या रोगाचे हे आरंभीचे वर्णन होय. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन यांनी वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाचे रक्त विद्युत्-पृथक्करणाने तपासले. त्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन हा भागच नव्हता. ब्रूटन यांनी निरोगी माणसांच्या रक्तातील ग्लोब्युलिन त्या मुलास ठराविक काळाने टोचले व त्याचे आजार थांबले. जे शरीरात नाही ते बाहेरून पुरविणे ही उपचाराची पहिली पायरी येथे घातली गेली. ग्लान्झमान यांच्या अर्भकांना मात्र या उपायाचा उपयोग होण्यासारखा नव्हता, कारण त्यांच्यात द्रव्याचा नव्हे, तर पेशींचाच अभाव होता.

याच १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी एका नव्या रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला. तो पुढे ‘बाँबे रक्तगट’ या नावाने जगभर ओळखला गेला. या रक्तगटाच्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर एच् प्रतिजन नसतो. एरवी त्या पूर्णपणे निरोगी असतात. या शोधाचा प्रतिकारहीनतेशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणास वाटले नसेल. परंतु १९९२ मध्ये इझ्राएलमधील एत्झिओनी व त्यांचे सहकारी यांना दोन मुले अशी आढळली की, त्यांना वारंवार संसर्ग होत होता आणि त्यांचा रक्तगट बाँबे हा होता. फ्युकोज या शर्करेचा उपयोग करण्याची क्रियाच त्यांच्या पेशींत बिघडलेली होती. त्यामुळे एकीकडे एच् प्रतिजन तयार होत नव्हता आणि दुसरीकडे रक्तातील पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटून संसर्गाच्या जागी उतरता येत नव्हते. परळच्या प्रयोगशाळेत मांडलेली एक रक्तगटविषयक नोंद चाळीस वर्षांनी अन्य देशातील एका प्रतिकारहीनतेच्या निदानाची खूण ठरली.

२. पेशींचे दोन वंश

लसिकापेशी कोठे व कशा तयार होतात, हे कळल्यावाचून त्यांचा अभाव भरून काढणे शक्य नव्हते. हे ज्ञान १९५६ ते १९६५ या दशकात आले. अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांस कोंबडीच्या शेपटीजवळील फॅब्रिशियसची पिशवी काढून टाकली असता प्रतिपिंडे तयार होत नाहीत असे आढळले. हा शोधनिबंध १९५६ मध्ये कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यामुळे वैद्यकातील संशोधकांचे त्याकडे काही काळ लक्ष गेले नाही. १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची यौवनलोपी ग्रंथी काढून टाकली व अशा उंदरांत लसिकापेशी फार कमी राहतात, ते संसर्गाने मरतात आणि परक्या कातडीचे रोपणही ते नाकारीत नाहीत, असे दाखविले. तोपर्यंत छातीच्या हाडामागील ही ग्रंथी निरुपयोगी अवशेष समजली जात असे.

१९६५ मध्ये मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांनी लसिकापेशींचे दोन स्वतंत्र वंश असल्याचे सिद्ध केले. यौवनलोपी ग्रंथीत तयार होणाऱ्या त्या टी-पेशी, आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या त्या बी-पेशी. त्याच वर्षी फिलाडेल्फियातील डी-जॉर्ज यांनी यौवनलोपी ग्रंथी जन्मतःच नसलेल्या मुलांचे वर्णन केले. दरम्यान १९६१ मध्ये टोरांटो येथे टिल व मॅकलॉक यांनी अस्थिमज्जेतील एकेका पेशीपासून रक्तपेशींची संपूर्ण वसाहत वाढू शकते असे दाखवून मूलपेशीची कल्पना प्रयोगाच्या पायावर उभी केली.

या सर्व शोधांचा मिळून अर्थ असा झाला. मूलपेशी अस्थिमज्जेत राहते; तिच्यापासून निघालेल्या काही पूर्वपेशी रक्तावाटे यौवनलोपी ग्रंथीत जातात; तेथे त्यांची कसोटी लागून त्या टी-पेशी बनतात. या वाटेवर कोणत्याही ठिकाणी अडथळा आला तरी बालक प्रतिकारहीन होते. मात्र अडथळा कोठे आहे त्यावर उपाय कोणता हे अवलंबून राहते. हा भेद पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावा लागेल.

३. मज्जारोपण आणि वाट पाहण्याचा काळ

१९६८ मध्ये मिनियापोलिस येथे रॉबर्ट गुड व त्यांचे सहकारी यांनी तीव्र संयुक्त प्रतिकारहीनता असलेल्या पाच महिन्यांच्या मुलास त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा दिली. त्या मुलाच्या मातृकुळात यापूर्वी अनेक मुलगे अशाच आजाराने दगावले होते. हा मुलगा वाचला. या रोगावर मज्जारोपण यशस्वी झाल्याचे हे पहिले उदाहरण होय. दात्याची व रुग्णाची ऊतके जुळणे किती आवश्यक आहे, हे ज्याँ दोसे यांच्या १९५८ पासूनच्या संशोधनाने कळू लागले होते. त्याचा येथे प्रत्यक्ष उपयोग झाला.

परंतु जुळणारे भावंड प्रत्येकास असते असे नाही. टेक्सासमधील डेव्हिड व्हेटर हा मुलगा १९७१ मध्ये जन्मल्यापासून निर्जंतुक प्लॅस्टिकच्या आवरणात वाढविण्यात आला, तो जुळणारा दाता मिळेल या आशेने. बारा वर्षे वाट पाहिल्यानंतर १९८३ मध्ये त्याला न जुळणाऱ्या बहिणीची, उपद्रवी पेशी काढून टाकलेली मज्जा देण्यात आली. त्या मज्जेत लपून राहिलेल्या विषाणूमुळे त्याला कर्करोग झाला व फेब्रुवारी १९८४ मध्ये तो मरण पावला. बारा वर्षे आवरणात ठेवलेल्या या मुलामुळे वैद्यकापुढे नीतीचेही अनेक प्रश्न उभे राहिले.

त्याच १९८३ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिले मज्जारोपण झाले. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होते. नऊ वर्षांच्या मुलीस तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. प्रतिकारहीनतेवर उपचार करण्यास लागणारे तंत्र अशा रीतीने दुसऱ्या रोगाच्या निमित्ताने महाराष्ट्रात आले.

जुळणारे भावंड नसेल तर आईची किंवा वडिलांची अर्धी जुळणारी मज्जा द्यावयाची, हा मार्ग याच दशकात सापडला. पण दात्याच्या परिपक्व टी-पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात. म्हणून त्या आधी वेगळ्या काढाव्या लागतात. येथेच नवी अडचण उभी राहिली. परिपक्व पेशी काढून टाकल्या म्हणजे रुग्णास मिळतात त्या केवळ मूलपेशी. त्यांपासून पूर्वपेशी निपजाव्या, त्या यौवनलोपी ग्रंथीत पोचाव्या व तेथून टी-पेशी बाहेर पडाव्या, यास साधारण तीन ते सहा महिने, काही वेळा त्याहूनही अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात बालक उघडेच राहते. रोपण यशस्वी होऊनही संसर्गाने बालक गमवावे लागते ते याच मधल्या काळात.

हा काळ किती निर्णायक असतो, हे २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या २४० बालकांच्या अभ्यासावरून कळते. साडेतीन महिन्यांचे होण्यापूर्वी ज्यांचे रोपण झाले, त्यांपैकी ९४ टक्के बालके पाच वर्षांनंतर जिवंत होती. त्याहून मोठ्या वयात व चालू संसर्ग अंगात असताना ज्यांचे रोपण झाले, त्यांच्यात हेच प्रमाण ५० टक्के होते. रोग तोच, आणि उपचारही त्याच जातीचा; फरक होता तो उपचारास पोचण्याच्या वेळेचा व त्या वेळेपर्यंत जडलेल्या संसर्गाचा.

४. जनुकोपचाराचा मार्ग

दात्याचा प्रश्नच टाळावयाचा तर रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतील सदोष जनुक दुरुस्त करणे हा मार्ग उरतो. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अडेनोसीन डीअमिनेज या एंझाइमाच्या अभावाने आजारी असलेल्या चार वर्षांच्या मुलीवर असा प्रयोग करण्यात आला. २००० मध्ये पॅरिसच्या नेकर बालरुग्णालयातील आलँ फिशर व मरीना कावात्साना यांनी केवळ मुलग्यांत आढळणाऱ्या प्रकारच्या प्रतिकारहीनतेवर जनुकोपचार यशस्वी झाल्याचे जाहीर केले. परंतु पुढील काही वर्षांत पॅरिस व लंडन येथील पहिल्या वीस मुलांपैकी पाचांना रक्ताचा कर्करोग झाला व त्यांतील एक दगावले. जनुक वाहून नेणारा विषाणू पेशीतील भलत्या ठिकाणी जाऊन बसल्याचा हा परिणाम होता. त्यानंतर अधिक सुरक्षित वाहक तयार करण्यात आले व या मार्गाने पुन्हा प्रगती झाली. पण जनुक दुरुस्त झाले तरी दुरुस्त मूलपेशीस यौवनलोपी ग्रंथीच्या वाटेने जावेच लागते. वाट पाहण्याचा काळ येथेही पूर्णपणे टळत नाही.

५. माशीच्या पंखापासून टी-पेशीपर्यंत

मूलपेशीऐवजी वाटेवर पुढे गेलेली पूर्वपेशीच रुग्णास दिली तर हा काळ कमी होईल, ही कल्पना सोपी आहे. अडचण होती ती अशी पूर्वपेशी शरीराबाहेर तयार करण्याची. यौवनलोपी ग्रंथीत शिरलेली पेशी टी-पेशीचा मार्ग का धरते, हे दीर्घ काळ अज्ञात होते.

या कोड्याचा उलगडा ज्या जनुकाने झाला, त्याचा इतिहास फळमाशीपासून सुरू होतो. १९१४ मध्ये जॉन डेक्स्टर यांस पंखांच्या कडेला खाच असलेल्या फळमाश्या आढळल्या. या खाचेवरून त्या जनुकास ‘नॉच’ असे नाव मिळाले. शेजारच्या पेशीकडून संदेश घेऊन आपले भवितव्य ठरविण्याचे काम हे जनुक करते, हे पुढे कळले. १९९९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांवरून असे सिद्ध झाले की, नॉचचा संदेश मिळाला नाही तर यौवनलोपी ग्रंथीतही टी-पेशी तयार होत नाहीत, तेथे बी-पेशी तयार होऊ लागतात. याचा अर्थ असा की, ग्रंथीचे एक मुख्य कार्य म्हणजे हा संदेश देणे होय. तो संदेश जर काचेच्या बशीत देता आला, तर ग्रंथीचे ते काम बशीत करवून घेता येईल.

टोरांटो येथील श्मिट व झुनिगा-फ्लुकर यांनी २००२ मध्ये नेमके हेच केले. उंदरापासून मिळविलेल्या आधारपेशींच्या एका वाणात त्यांनी नॉचला संदेश देणाऱ्या ‘डेल्टा’ प्रथिनाचे जनुक घातले. त्या आधारपेशींवर वाढविलेल्या मूलपेशी टी-पेशींच्या मार्गास लागल्या. २००६ मध्ये न्यूयॉर्क येथील स्लोन-केटरिंग संस्थेच्या संशोधकांनी अशा रीतीने वाढविलेल्या पूर्वपेशी मज्जारोपण झालेल्या उंदरांस दिल्या असता त्यांच्यात टी-पेशी लवकर भरून आल्या, असे दाखविले.

मानवावर उपयोग करावयाचा तर उंदराच्या पेशींचा आधार घेणे इष्ट नव्हते, कारण त्यांच्याबरोबर परके पदार्थ व कदाचित विषाणूही येण्याची भीती होती. पॅरिस येथे इझाबेल आंद्रे व त्यांचे सहकारी यांनी हा आधार काढून टाकला. त्यांनी डेल्टा वर्गातील प्रथिन भांड्याच्या पृष्ठावरच चिकटवून त्यावर मानवी नाळेच्या रक्तातील मूलपेशी वाढविल्या. सुमारे सात दिवसांत त्यांच्यापासून टी-पेशींच्या पूर्वपेशी मिळाल्या आणि प्रतिकारहीन उंदरांत त्या पुढे टी-पेशी बनल्या. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर पॅरिसमधील या परंपरेतूनच, अर्धे जुळणारे रोपण झालेल्या बालकांस अशा पूर्वपेशी देण्याच्या पहिल्या टप्प्यातील मानवी चाचण्या हाती घेण्यात आल्या.

येथे प्रयोगशाळेचे काम व शरीराचे काम यांची वाटणी कशी केली आहे, हे पाहण्यासारखे आहे. टी-पेशी पूर्णपणे बशीत तयार करण्याचा हट्ट या पद्धतीत धरलेला नाही. परिपक्व पेशी परक्या शरीरावर हल्ला करू शकतात. पूर्वपेशी मात्र अपरिपक्व असतानाच रुग्णाच्या ग्रंथीत जातात व आपले कोण आणि परके कोण याचे शिक्षण तेथेच घेतात. मार्गाचा पहिला टप्पा बशीत, शेवटचा टप्पा शरीरात, अशी ही योजना आहे.

६. या पद्धतीच्या मर्यादा

पूर्वपेशीविषयी उत्साह वाटणे स्वाभाविक असले तरी तिच्या मर्यादा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा अशी की, पूर्वपेशी स्वतःचा साठा टिकवून धरीत नाही. तिच्यापासून टी-पेशींची एक लाट निघते व ती ओसरते. म्हणून मूलपेशींच्या रोपणास ती पर्याय नसून पूरक आहे. मूलपेशींचे पीक हाती येईपर्यंतचे दिवस निभावून नेणे, एवढेच तिचे काम आहे.

दुसरी मर्यादा अडथळ्याच्या जागेविषयी आहे. ज्या बालकास यौवनलोपी ग्रंथीच नाही, त्यास पूर्वपेशी देऊन उपयोग नाही, कारण त्यांना जावयाचे घरच नसते. अशा बालकांसाठी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वेगळा उपाय विकसित झाला. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काढाव्या लागणाऱ्या ग्रंथीचे तुकडे प्रयोगशाळेत काही आठवडे जोपासून ते बालकाच्या मांडीच्या स्नायूत बसविण्यात येतात. या उपचारास अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

तिसरी मर्यादा प्रमाणाची आहे. चाचण्यांतील रुग्ण थोडे आहेत, आणि इतक्या थोड्या रुग्णांवरून शेवटचा निर्णय देणे घाईचे ठरेल. जनुकोपचारातील कर्करोग प्रयोगानंतर काही वर्षांनी उघडकीस आले, हे विसरून चालणार नाही.

७. महाराष्ट्र व धाराशिव

आता हा सर्व इतिहास आपल्या प्रदेशाशी कोठे येऊन भिडतो ते पाहू. पेशी जोपासण्याचे शास्त्र महाराष्ट्रास आता परके राहिलेले नाही. भारतीय तंत्रविज्ञान संस्था, मुंबई येथील राहुल पुरवार व टाटा स्मारक केंद्रातील वैद्य यांच्या सहकार्याने रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून व त्या वाढवून कर्करोगावर वापरण्याचा उपचार सिद्ध झाला. त्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्याची किंमत परदेशातील अशाच उपचाराच्या सुमारे एक-दशांश असल्याचे सांगितले जाते. हा उपचार प्रतिकारहीनतेवरील नाही व त्यात पूर्वपेशीही नाहीत. तथापि निर्जंतुक दालने, पेशींची प्रतवारी, प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र उत्पादन या ज्या गोष्टी पूर्वपेशींच्या जोपासनेसही लागतील, त्या मुंबईत उभ्या राहिल्या आहेत. निदानाच्या बाजूने पाहता, १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून परळ येथे सुरू झालेली संस्था आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून जन्मजात प्रतिकारहीनतेचे निदान करीत आहे. बाँबे रक्तगटाच्या परंपरेतील हे कार्य होय.

म्हणजे एका टोकास शास्त्र सिद्ध होत आहे. दुसऱ्या टोकास धाराशिव जिल्हा आहे. भूम, परंडा किंवा उमरगा तालुक्यातील एखाद्या खेड्यात असे बालक जन्मले, तर ते शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मुंबईस केव्हा पोचेल, हा खरा प्रश्न आहे. पूर्वपेशींच्या जोपासनेने रोपणानंतरचे काही महिने वाचतील. रोपणापूर्वी गेलेले महिने मात्र कोणतीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, इतक्या विरळ रोगासाठी मर्यादित साधनांच्या जिल्ह्याने शक्ती का खर्चावी? आक्षेप रास्त आहे व त्याचे उत्तर आकड्यांनी दिले पाहिजे. अमेरिकेत तीस लाख नवजात बालकांच्या तपासणीत सुमारे ५८,००० जन्मांमागे एक असे तीव्र संयुक्त प्रतिकारहीनतेचे प्रमाण आढळले. धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,५७,५७६ होती. जन्मदर हजारी पंधरा धरला तर वर्षास सुमारे पंचवीस हजार जन्म होतात. म्हणजे त्याच प्रमाणाने दोन-अडीच वर्षांत असे एक बालक जन्मास येईल. हा केवळ अंदाज आहे, आणि तो कमी असण्याचाही संभव आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात दाखविल्याप्रमाणे महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह संमत आहे, आणि दक्षिणेकडे मामा-भाचीचा विवाहही रूढ आहे. धाराशिव हा कर्नाटकास लागून असलेला जिल्हा आहे. चुलत-मामे भावंडांच्या विवाहातील अपत्यास एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता सोळांत एक, आणि मामा-भाचीच्या विवाहात आठांत एक असते. प्रतिकारहीनतेचे अनेक प्रकार अशा दुहेरी वारशाने येतात. यात कोणत्याही समाजास दोष देण्याचे कारण नाही. आधीचे मूल अर्भकावस्थेत संसर्गाने गेले असेल व आईवडील नात्यातील असतील, तर पुढच्या मुलाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे, एवढाच याचा अर्थ.

खर्चाचा विचार केल्यास पहिली पायरी अगदी स्वस्त आहे. ग्लान्झमान यांनी जी खूण १९५० मध्ये पाहिली, ती आजही नेहमीच्या रक्ततपासणीत दिसते, मात्र ती वाचावी लागते. समजा, तीन महिन्यांच्या मुलाच्या अहवालात पांढऱ्या पेशी ९,००० व त्यांत लसिकापेशी १२ टक्के असे लिहून आले. एकूण आकडा ठीक दिसतो, म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. पण गुणाकार केला तर लसिकापेशी केवळ १,०८० भरतात. या वयात हा आकडा ३,००० च्या खाली असणे ही धोक्याची सूचना होय. आईच्या पेशी बाळात उतरल्या असल्यास आकडा फसवा असू शकतो, म्हणून ही मोजणी सर्वस्वी पुरेशी नव्हे. परंतु पुढील तपासणीसाठी मूल पाठवावे की नाही, हे ठरविण्यास ती बहुधा पुरते. दुसरी खूण क्षयप्रतिबंधक बीसीजी लशीची. भारतात १९४८ पासून ही लस वापरात आहे व ती जन्मताच दिली जाते. निरोगी बालकास ती हितकारकच आहे, आणि कोणीही ती टाळू नये. परंतु टोचल्या बाजूच्या काखेत गाठ येऊन ती पसरत गेली, मूल वाढेना, तोंड पांढऱ्या बुरशीने भरू लागले, तर लसिकापेशींची मोजणी त्याच दिवशी व्हावयास हवी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये नवजात बालकाच्या टाचेच्या रक्तथेंबावरून हा रोग ओळखण्याची सार्वत्रिक पद्धत सुरू केली. भारतात ती सार्वत्रिक झालेली नाही. तोवर हा गुणाकारच आपला आधार आहे.

खेड्यापाड्यांतून लवकर निदान करणे या जिल्ह्यास अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्यास या जिल्ह्याचाच इतिहास उत्तर देतो. बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिच्या क्षेत्रात परंडा व भूम हे तालुके समाविष्ट होते. पुढे ऑक्टोबर १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणींचा या कर्करोगाने मृत्यू झाला, तर तुलनेसाठी ठेवलेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणींचा. तुलनेच्या गटास तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे वाद झाला, आणि तो विद्यार्थ्यांनी अभ्यासण्यासारखा आहे. पण एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हे जगास या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील स्त्रियांमुळे कळले, यात शंका नाही.

समारोप

वरील विवेचनाचा मथितार्थ असा. जन्मजात प्रतिकारहीनतेच्या उपचारांत ग्लोब्युलिन, मज्जारोपण, जनुकोपचार व पूर्वपेशींची जोपासना या चार पायऱ्या आहेत. पहिल्या तिन्ही पायऱ्यांनी शरीरात नसलेली वस्तू पुरविली. चौथी पायरी ती लवकर पोचविण्याचा प्रयत्न करते. म्हणून तिचे यश केवळ बशीत मोजता येणार नाही. साडेतीन महिन्यांच्या आत निदान झालेल्या बालकास तिचा लाभ होईल. आठव्या महिन्यात, फुप्फुसे संसर्गाने भरल्यावर आलेल्या बालकास ती फारसे काही देऊ शकणार नाही.

या विषयाचे पदव्युत्तर विद्यार्थी दोन दिशांनी काम करू शकतात. पेशीसंवर्धनाच्या तंत्रात ज्यांना गती आहे, त्यांना मुंबईतील प्रयोगशाळांचा मार्ग खुला आहे. इतरांना जिल्ह्यातच काम आहे. रुग्णालयांतील अर्भकांच्या जुन्या रक्त-अहवालांतून लसिकापेशींचा प्रत्यक्ष आकडा काढून त्यांचे पुढे काय झाले याचा, नावे गुप्त राखून व रीतसर अनुमती घेऊन, शोध घेतल्यास धाराशिव जिल्ह्यात या रोगाचे प्रमाण काय आहे याविषयी अंदाजाऐवजी माहिती हाती येईल. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. नोंदवही, चिकाटी व एक गुणाकार एवढे पुरे आहे.